दोष माझ्यातच हाय

गाईला हात लावण्याआधी माणिकराव तिचं नाव विचारायचे. खोड्यात गाय उभी, मालक घाईत, मी हातमोजा चढवून तयार, आणि हे आपले गाईच्या मानेशी. गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवत विचारायचे, "नाव काय हिचं?" मालक म्हणायचा, "नाव कशाचं आलंय, गाय हाय." मग माणिकराव स्वतःच नाव ठेवायचे. चंद्री, लाली, सोनी. एकदा एका फार चिडक्या मालकाच्या गाईचं नाव त्यांनी 'सबुरी' ठेवलं आणि रजिस्टरात तसंच लिहिलं. पेडगावच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात बिननावाची गाय म्हणून एकही नोंद त्यांच्या हातची सापडायची नाही.

एकोणनव्वद साली मी तिथे पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. वय चोवीस, परभणीच्या कारकुनाची मुलगी, नवी लुना आणि नवीच पदवी. पहिल्या आठवड्यात कुणी शेतकरी माझ्याकडे गाय सोपवायला तयार होईना. एक जण तर समोरच म्हणाला, "ही बाई हात घालनार व्हय गाईच्या अंगात?"

माणिकराव पशुधन पर्यवेक्षक. हुद्द्यानं माझ्या हाताखाली, वयानं पंधरा वर्षांनी मोठे, आणि कामात तर मी त्यांच्यापुढे बालवाडीत. उंच, किडकिडीत, खाकी शर्ट, खांद्यावर पंचा. ते त्या माणसाला शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरी बाळंतपणं कोन करतंय? बाप्ये करतेत का?" मग माणिकराव माझ्याकडे वळले, "घाला म्याडम हात. तिला काय फरक पडत न्हाई, फरक ह्यांनाच पडायलाय."

दवाखान्याच्या कोपऱ्यात नायट्रोजनचं भांडं असे. जिल्ह्याच्या गाडीतून द्रवरूप नायट्रोजन यायचा, त्यात उंची वळूंचं वीर्य बारीक कांड्यांमध्ये गोठवून ठेवलेलं. माणिकराव ते भांडं देव्हाऱ्यासारखं जपत. रोज सकाळी लाकडी पट्टी आत बुडवून बाहेर काढायची, पट्टीवर दहिवर कुठपर्यंत धरलं ते बघायचं, म्हणजे आत किती उरलंय ते कळे. झाकण उघडलं की पांढरा धूर जमिनीवर सांडायचा आणि शेतकरी दोन पावलं मागे सरायचे. माणिकराव सांगायचे, "उणे एकशे शहाण्णव. ह्याच्यात जीव झोपतोय, मरत न्हाई. कोमट पाण्यात काढला की जागा होतोय."

मात्र 'हमखास' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. गाय फळवली की मालक विचारायचा, "राह्यल का?" त्यावर ठरलेलं उत्तर असे, "राह्यल, न्हाई तर उलटल. मी येतो बघायला." आणि खरंच जायचे. अडीच-तीन महिन्यांनी सायकल मारत त्या त्या गोठ्यात. गाभण असेल तर मालकाच्या आधी गाईला सांगायचे. उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली असेल तर मालकाच्या शिव्या ऐकायला थांबायचे. मी एकदा म्हटलं, "गाभण राहिलेल्या ठिकाणी गेलात तर चहा तरी मिळेल. उलटलेल्या ठिकाणी कशाला जाता?" ते म्हणाले, "राह्यलेल्या गाईला माजी काय गरज, म्याडम? गरज तिथंच."

माणिकरावांना मूल नव्हतं.

हे मला गावानंच सांगितलं, रुजू झाल्याच्या पंधरा दिवसांत. सांगताना हसून सांगितलं. पंचक्रोशीतल्या गाई गाभण करणारा माणूस आणि स्वतःच्या घरी पाळणा नाही. लोक त्यांच्या तोंडावरही म्हणायचे. माणिकराव स्वतः त्या हसण्यात सामील व्हायचे. म्हणायचे, "काय करता, दोष माझ्यातच हाय." इतक्या सहज, की जणू चष्म्याचा नंबर सांगताहेत. पुरुषानं हे असं चारचौघांत म्हणावं याचं मला नवल वाटायचं. माझ्या परभणीतल्या शिकल्यासवरल्या नातेवाइकांतही मी असा माणूस पाहिला नव्हता.

गयाबाई, त्यांच्या बायको, फार बोलायच्या नाहीत. मी दुपारचा डबा त्यांच्या घरी बसून खायचे. त्या ज्वारीची गरम भाकरी माझ्या ताटात टाकायच्या आणि चुलीकडे तोंड करून बसायच्या. घर स्वच्छ सारवलेलं, दोन गाई, एक म्हातारी सासू. सासू मला एकदा म्हणाली, "लेकाच्याच नशिबात न्हाई, सुनंला काय बोलायचं?" गयाबाईंच्या हातची भाकरी तव्यावर जरा जास्तच भाजली त्या दिवशी. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

एक्क्याण्णव साली आम्हा दोघांना परभणीत प्रशिक्षणासाठी बोलावलं. एका प्राध्यापकांनी पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं, की चांगल्या गाईचे गर्भ सातव्या दिवशी बाहेर काढता येतात, गोठवता येतात आणि दुसऱ्या गाईच्या पिशवीत सोडता येतात. सगळे वहीत उतरवून घेत होते. माणिकराव वही मिटून बसले होते. चहाच्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं.

"म्याडम, ह्ये माणसात होतंय का?"

"होतं. मुंबईत होतं."

"नळ्या बंद असल्या तरी?"

मी त्यांच्याकडे बघितलं. नळ्या बंद असणं हा बाईतला दोष. ते नजर चुकवून कपात बघत राहिले.

"नळ्या बंद असतील तर त्याच्याचसाठी निघालंय ते," मी म्हटलं. "बीज बाहेर काढायचं, काचेत नवऱ्याच्या बीजाशी फळवायचं आणि गर्भ सरळ पिशवीत सोडायचा. नळ्यांचं कामच नाही."

"बरं," ते म्हणाले आणि कप ठेवून आत गेले.

माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीनं मुंबईतल्या एका दवाखान्याचा पत्ता मिळवून दिला. पुढच्या उन्हाळ्यात दोघं पहिल्यांदा जाऊन आले. गावात सांगितलं, नातेवाइकाचं लग्न आहे. तपासण्यांचे कागद इंग्रजीत होते, म्हणून माणिकराव ते घेऊन माझ्याकडे आले. मी वाचत गेले. गयाबाईंच्या दोन्ही नळ्या बंद. माणिकरावांचा रिपोर्ट उत्तम.

"माणिकराव, तुमच्यात तर काहीच दोष नाही."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "सोळा वर्सं झाली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गयाबाईंना दिवस गेले होते, चौथ्या महिन्यात गर्भ पडला. नंतर बरेच दिवस ताप, पोटात दुखणं. त्यानंतर काही नाही. चार वर्षं झाली तशी आई दुसरी मुलगी बघायला लागली. माणिकराव तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. "आमी शेतकऱ्याला काय सांगतो? आधी वळू बघा, मग गाईला नाव ठेवा. मग मलाच का सूट?" दवाखान्यात सूक्ष्मदर्शक होता. एका सुट्टीच्या दिवशी दार लावून त्यांनी स्वतःचंच बीज बघितलं. "समदं चालू होतं, म्याडम. मला लय वाईट वाटलं." बायकोला परभणीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, फोटो काढला, नळ्यांचं कळलं. एस.टी.तून परत येताना गयाबाई खिडकीशी तोंड करून रडत होत्या. घरी आई दारातच उभी. काय म्हणाली डाक्टरीन?

"आन् माझ्या तोंडातून निघून गेलं. दोष माझ्यातच हाय म्हणलं. आईचं दुसऱ्या लगनाचं टुमणं तिथंच संपलं. मग एकदा म्हणलं तर म्हणतच ऱ्हावं लागलं."

"आणि वहिनी?"

"ती रागावली होती माझ्यावर. दोन दिवस बोलली न्हाई." ते हसले. "ह्ये तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, म्याडम."

ब्याण्णवच्या पावसाळ्याअखेरीस उपचार झाले. गयाबाईंना रोज इंजेक्शनं, मग बीज काढणं. सहा गर्भ तयार झाले. तीन लगेच सोडले, उरलेले तीन गोठवून ठेवले. पंधरा दिवसांनी गयाबाईंची पाळी आली. सोडलेल्या तिघांपैकी एकही राहिला नाही.

परत आल्यावर गयाबाई आठवडाभर गोठ्यातही गेल्या नाहीत. माणिकराव कामावर आले. मला वाटलं, खचले असतील. खचले होतेच, पण मला सांगायला त्यांच्याकडे दुसरंच काही होतं. गर्भ गोठवायचे म्हटल्यावर इतर जोडपी घाबरत, असं तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. मूल बर्फात ठेवणार म्हणजे काय, ही भीती. माणिकरावांनी मात्र विचारलं, "भांडं किती लिटरचं हाय? नायट्रोजन कोन भरतं? कितव्या दिवशी?" डॉक्टर बघतच राहिले. शेवटी तंत्रज्ञ बाईंना बोलावून म्हणाले, ह्यांना आत नेऊन दाखवा.

"आपल्यावानीच भांडं हाय, म्याडम. जरा मोठं. दोन कांड्या हायेत आपल्या. एकीत दोघं, एकीत एकलं. मी पट्टी घालून बघितली. चांगलं वीतभर वर हाय."

"तुम्ही पट्टी घातलीत?"

"त्या बाईंनीच दिली. म्हणल्या, तुमाला जमतंय तर बघा."

अख्ख्या जिल्ह्यात त्या दिवसांत एकाच बापाला आपली मुलं किती अंशांवर आहेत ते ठाऊक होतं.

गयाबाईंची प्रकृती सावरली की जानेवारीत पुन्हा जायचं ठरलं. पण डिसेंबरात मुंबईत दंगली उसळल्या. रेडिओवर बातम्या, संचारबंदी, गाड्या बंद. माणिकराव रोज सायकलनं परभणीला जाऊन एस.टी.डी. बूथवर रांगेत उभे राहायचे. मुंबईच्या दवाखान्याचा फोन नुसताच वाजायचा. मी समजूत घातली की मोठं भांडं महिनाभर तग धरतं. "महिनाभर धरतंय, जर भरलेलं असलं तर," ते म्हणाले. "शेवटचं कधी भरलं ते कोन सांगनार? भरनारा मानूस घरातून बाहेर पडू शकतोय का?"

एका दुपारी गयाबाई स्वतः दवाखान्यात आल्या. त्या तिथे कधी येत नसत. मला म्हणाल्या, "ताई, ह्यांना सांगा. हे मुंबईला निघालेत."

माणिकराव कांड्यांचा हिशेब लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, "दोन दिवसांत येतो."

"काई गरज न्हाई," गयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका मोठा ऐकला. "ते तिघं मिळाले न्हाई तरी चालल. तुमी पायजेत मला. सोळा वर्सं तुमीच होता ना घरात? दुसरं कोन होतं?"

माणिकरावांनी पेन ठेवलं. त्या दिवशी ते गेले नाहीत. गाड्या सुरळीत झाल्यावर आठ दिवसांनी गेले, बरोबर करडईच्या तेलाची बाटली आणि ज्वारीचं पीठ घेऊन. परतले ते भलतेच खुशीत. तंत्रज्ञ बाईंना एकही दिवस घरी जाता आलं नव्हतं; त्या दवाखान्यातच अडकल्या होत्या. फोन बंद पडला होता, पण बाई रोज भांड्यात पट्टी घालून बघत होत्या. "त्यांना म्हणलं, ताई, तुमी माझ्या बहिणीच्या जागी. तेल दिलं. त्या म्हणल्या, हे कशाचं तेल? करडई माहीत न्हाई त्यांना, म्याडम!" या शेवटच्या गोष्टीचं नवल त्यांना पुढे कित्येक दिवस पुरलं.

मुंबई जानेवारीत पुन्हा पेटली. त्यामुळे मार्च उजाडला. पहिली कांडी कोमट पाण्यात उघडली, दोन्ही गर्भ शाबूत निघाले, दोन्ही सोडले. पंधरा दिवस दोघं मुंबईतच एका ओळखीच्यांकडे राहिले. मग मला पोस्टकार्ड आलं. उघड्या कार्डावर काय लिहावं याची पंचाईत झाली असणार. एवढंच होतं: 'म्याडम, उलटली नाही.'

आनंद पुरता पंधरा दिवसही टिकला नाही. सोनोग्राफीत दोन पिशव्या दिसल्या, पण ठोका एकाचाच लागला. दुसरं आपोआप विरघळून जाईल, काही करायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. गयाबाईंनी घरी आल्यावर मला विचारलं, "ताई, ते दुसरं गेलं कुठं?" मी शास्त्र सांगायला लागले. माणिकराव दारात बसून कासरा वळत होते. तिथूनच म्हणाले, "तुझ्यातच जिरलं. तुझंच होतं, तुझ्यातच ऱ्हायलं." गयाबाईंनी मान हलवली. माझ्या शास्त्राची गरज उरली नाही.

श्रावणात पोट दिसायला लागलं आणि गाव कुजबुजायला लागलं. माणिकरावांना तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं, मलाही नाही. सोळा-सतरा वर्षं ज्या माणसानं छातीठोकपणे सांगितलं की दोष माझ्यातच आहे, त्याच्या बायकोला दिवस गेले होते. मग कुणाचे?

एका सकाळी दवाखान्यात गर्दी होती. बापूराव म्हणून गावातले एक बागायतदार, तोंडाचे फटकळ, खोड्याला टेकून उभे होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माणिकराव, घरी कोन्त्या वळूची कांडी वापरली म्हनं?"

लोक हसले. काही जण हसून लगेच थांबले. मी टेबलावरून उठले, काय बोलणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं. माणिकरावांनी माझ्याकडे बघून हात नुसता खाली दाबल्यासारखा केला. बसा. आणि पुढच्या गाईच्या मानेवर हात ठेवून मालकाला विचारलं, "नाव काय हिचं?"

गर्दी ओसरल्यावर मी म्हटलं, "सांगून टाका ना खरं! लाज कसली? मुंबईत उपचार केले म्हणा."

"म्हणलं तर विचारतेत, कशाचे उपचार. खरं सांगावं तर तिला वांझ म्हणत्याल, एवढी वर्सं नवऱ्याला बदनाम केलं म्हणत्याल. न्हाई सांगावं तर हे म्हणायलेत." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "दोन्हीकडून तिचंच नाव जायलंय, म्याडम. मी तिला वाचवायला बोललो होतो."

आमच्या चार-पाच वर्षांच्या सहवासात ते हतबल झालेले मी एवढ्या वेळीच पाहिले.

पुढच्याच आठवड्यात बापूरावांची गाय अडली. वासराचं डोकं मागे वळलेलं. भर दुपारी माणूस धावत आला. मी रागात होते. म्हटलं, मी एकटी जाते. माणिकराव सायकल काढत म्हणाले, "तुमचा हात आखूड पडतोय तिथं." दोन तास ते चिखलात आडवे पडून खपले. वासरू जिवंत निघालं. बापूराव चहा घ्या म्हणत मागे मागे येत होते. माणिकराव हौदावर हात धुऊन निघाले. वाटेत मी विचारलंच, त्या माणसासाठी एवढं? ते म्हणाले, "गाईनं काय केलंय?"

गयाबाईंनी मात्र बोअरवर पाण्याला जाणं सोडलं. गाव त्यांच्या कानापर्यंत पोचलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा रक्तदाब वाढला, पाय सुजले. परभणीला नेलं आणि दिवस भरायला पाच आठवडे असतानाच सिझर करावं लागलं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. गयाबाईंना दोन दिवस शुद्ध नव्हती. मी दवाखान्यात गेले तर माणिकराव काचेच्या पेटीपुढे स्टूल टाकून बसले होते. मला बघून म्हणाले, "हितं चौतीस अंशावर ठेवायलेत." आणि पंचा डोळ्यांना लावला. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी शेजारी उभी राहिले. पेटीतली मुलगी मूठ उघडत होती, मिटत होती.

दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पुन्हा गर्भारपण नको, जिवावर बेतेल.

मूल जरा अंगानं भरेपर्यंत बारसं लांबवलं. जानेवारीत ठरवलं, तर मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं आणि आठ-दहा दिवस एस.ट्यांचा भरवसा नव्हता, म्हणून पाहुण्यांसाठी आणखी थांबले. शेवटी महिनाअखेर झालं. घरात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, अंगणात पुरुष. घुगऱ्या वाटून चालल्या होत्या. पाळण्याशी वाकून एक म्हातारी म्हणाली, "बघू दे गं, माणिकवर गेलीया का अजून कुनावर?"

दोन-तीन बायका खाली बघून हसल्या. सासूचा चेहरा पडला. मी गयाबाईंकडे बघितलं. त्यांचा हात पाळण्याच्या दोरीवर होता. त्यांनी दोरी ओढायची थांबवली.

"माझ्या नळ्या बंद होत्या," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही.

"दोष माझ्यात होता. ह्यांच्यात कवाच न्हवता. डाक्टरनीनं सांगितलं तवा ह्यांनी सोतावर घेतलं. अठरा वर्सं गावाचं हासनं खाल्लं. मी गप ऱ्हायले, ते माझं चुकलं. मुंबईला जाऊन माझं बीज आन् ह्यांचं बीज काचेत एक केलं. पाच महिने ही नायट्रोजनात होती. मग माझ्या पोटात सोडली. कागद हायेत. ह्या ताईंनी वाचलेत."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "हो. वाचलेत."

म्हातारी खजील होऊन पुटपुटली, "मग बाई, आधी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमीच सवत आणली असती माझ्यावर," गयाबाई म्हणाल्या. मग सासूकडे वळल्या. आवाज खाली आला. "मामी, तुमाला खोटं सांगितलं. माफ करा."

सासू उठली, पाळण्यापाशी आली, नातीच्या टाळूवर तेलाचं बोट लावलं आणि सुनेला म्हणाली, "नाव ठेवा आता. येळ जायलाय."

अंगणात सगळं ऐकू गेलं होतं. बाहेर आले तर माणिकराव घुगऱ्यांची परात घेऊन वाटत होते, एकाच माणसाला तीन-तीनदा. बापूरावांनी दोन्ही हात पुढे करून घेतल्या, मान खाली घालून. मुलीचं नाव शीतल ठेवलं. ते माणिकरावांनी सुचवलं होतं, आणि का सुचवलं ते त्या दिवसापासून सगळ्या गावाला कळलं.

"एवढी वर्षं सांभाळलेलं वहिनींनी एका दमात मोडलं," मी नंतर त्यांना म्हटलं. "वाईट वाटलं का?"

"न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी तिला झाकलं असं समजायचो. तिला त्याचंच वझं झालं होतं. मला कधी दिसलंच न्हाई."

मे महिन्यात माझी बदली जालन्याला झाली. त्याच दिवसांत मुंबईचं पत्र आलं. दुसरी कांडी, ती एकट्या गर्भाची, अजून भांड्यात होती. ती पुढे ठेवायची की सोडून द्यायची, ते सही करून कळवा. मी पत्र वाचून दाखवलं. शीतल गयाबाईंच्या मांडीवर झोपली होती.

"मला आता जमनार न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "आन् वर्सानुवर्सं तिथं कशापायी कुडकुडत ठेवायचं?"

माणिकरावांनी सही केली. पाकीट मीच पोस्टात टाकणार होते, पण त्यांनी ते परत मागून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला.

चार दिवसांनी ते परतले तेव्हा मी दवाखान्याचा चार्ज देत होते, टेबलावर रजिस्टरांचा ढीग होता. ते समोर येऊन उभे राहिले. प्रवासाचेच कपडे अंगावर होते.

"डाक्टर म्हणले, नुसतं पत्र पाठवलं असतं तरी चाललं असतं," ते म्हणाले. "म्या म्हणलं, बाहेर काढताना मला आत येऊ द्या. त्या ताईंनी येऊ दिलं. कोमट पाण्यात कांडी धरली, मग काचेवर घेतलं, दुर्बिणीतून दाखवलं. चार-सहा दाणे चिकटल्यावानी दिसतंय. मग तसंच ठेवलं त्यांनी. मी बसलो तिथं. तासभर बसलो आसल."

"एवढ्या लांब कशाला गेलात, माणिकराव?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं.

"दीड वर्स थंडीत एकलंच होतं ना, म्याडम," ते म्हणाले. "जाताना तरी कुनी असावं जवळ."